वेड न पांघरता पेडगावला

संपादकांच्या पत्रात विषय थोडक्यात दिला होता. वाढत्या वयातील मुलामुलींना स्वतःचे मन ओळखावयास, ते आवरावयास आणि दुसऱ्याचे मन राखावयास कोण शिकवते व कसे शिकवते, हे कोठेतरी जाऊन, डोळ्यांनी पाहून लिहावे; आणि खाली शाईने एक ओळ वाढवली होती की, पुण्या-मुंबईच्या शाळा कृपा करून नकोत. त्या ओळीने माझे काम अर्धे सोपे केले. मी परभणी जिल्ह्यातले पेडगाव निवडले, आणि या निवडीचा संबंध, खरे सांगावयाचे तर, शिक्षणशास्त्रापेक्षा म्हणींच्या कोशाशी अधिक होता.

वेड पांघरून पेडगावला जाणारा मनुष्य प्रत्येक मराठी घरात एक तरी असतो. सारे कळत असून काहीच कळत नसल्याचा बहाणा करणारा, हा त्याचा अर्थ शाळकरी पोरही सांगेल. जाणकार मंडळी लगेच बजावतात की, म्हणीतले पेडगाव हे नव्हे. ते भीमेच्या काठचे, श्रीगोंदे तालुक्यातले, जेथे मोगल सरदार बहादूरखानाची छावणी होती आणि मराठ्यांच्या एका तुकडीने त्याला हुलकावणी देऊन दूर नेले असता दुसरीने मागे छावणी लुटली, अशी आख्यायिका सांगतात. परभणीचे पेडगाव या प्रकरणात निरपराध आहे, हे मला मान्य. परंतु लहानांच्या मनाच्या बाबतीत आपण वडीलधारी माणसे पिढ्यान्पिढ्या जे करीत आलो, त्याला या म्हणीइतके चपखल नाव मला दुसरे सापडलेले नाही. पोर हिरमुसले आहे हे दिसते, का हिरमुसले हेही बहुधा ठाऊक असते, आणि तरीही आपण ‘जेवलास का?’ एवढेच विचारून ताट पुढे सरकवतो.

रुळांवरचे पेडगाव

परभणीहून मनमाडच्या दिशेने निघालेली गाडी शहराची शेवटची वस्ती मागे टाकते न टाकते तोच पेडगावचे स्टेशन येते. निजामाच्या आमदानीत, विसावे शतक उजाडण्याच्या सुमारास, हैदराबादहून मनमाडपर्यंत जी गोदावरी खोऱ्याची मीटरगेज लाईन पडली, तिच्यावरचे हे एक लहान ठाणे. नव्वदच्या दशकात रूळ रुंद झाले, गाड्या वाढल्या, आणि त्यांतल्या बहुतेक येथे न थांबता धूळ उडवीत जाऊ लागल्या. मी गेलो तेव्हा पोळा नुकताच होऊन गेला होता; बैलांच्या शिंगांवरचा हिंगूळ अजून पुरता उतरला नव्हता, सोयाबीनला शेंगा धरल्या होत्या आणि काळ्या रानातली कपाशी पात्या-फुलांवर आली होती. पावसाने मध्येच जो ताण दिला होता, त्याची चर्चा पारावर चालू होती.

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही निजामशाहीतील नोकरदारांची मसलत या जिल्ह्याने कधी मनाला लावून घेतली नाही. उलट ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ अशी परतफेड करून तो मोकळा झाला. अवहेलनेला विनोदाने उत्तर देण्याची ही हातोटी मला फार मोलाची वाटते, आणि ज्या कौशल्यांविषयी मी येथे चौकशी करावयास आलो होतो, त्यांत ती सहज बसावी. ती कोणत्याही शाळेत शिकवलेली नाही, हेही ध्यानात ठेवण्याजोगे.

फळ्यावरचा राग

पेडगावच्या परिसरातील ज्या एका शाळेत मी दोन शनिवार बसलो, तिचे नाव लिहीत नाही. मुले तेथे जे बोलली, ते माझ्या लेखासाठी बोललेली नव्हती. शनिवार निवडला तो अशासाठी की, २०२४ सालापासून राज्यातील पहिली ते आठवीच्या वर्गांना ‘आनंददायी शनिवार’ लागू झाला असून त्या दिवशी दप्तराचे ओझे बाजूला ठेवून योग, खेळ, कृती, आणि भावनांशी व नात्यांशी संबंधित गोष्टी घ्याव्यात, असे शासनाचे फर्मान आहे. फर्मान निघाले म्हणजे आनंद होतोच असे नाही. बऱ्याच ठिकाणी या दिवशी राहिलेला गणिताचा धडा उरकला जातो, असे शिक्षकच हसत सांगतात.

येथील सातवीच्या शिक्षिकेजवळ एका प्रशिक्षणात मिळालेला तक्ता होता. त्यावर सहा गोल चेहरे: हसरा, रडका, रागीट वगैरे, मुलाने सकाळी येऊन आपल्या चेहऱ्यासमोर खूण करावयाची. पहिल्या आठवड्यात सर्वांनी हसऱ्यापुढे खुणा केल्या. दुसऱ्यातही केल्या. ‘चाळीस पोरं आणि चाळीसच्या चाळीस सुखी! असं गाव मी कधी पाहिलं नाही,’ त्या मला म्हणाल्या. मग त्यांनी तक्ता कपाटात ठेवला आणि फळ्यावर मध्यभागी ‘राग’ एवढाच शब्द लिहून मुलांना विचारले की, तुमच्या घरी याला काय काय म्हणतात.

मी मागच्या बाकावर होतो. प्रथम कोणी बोलेना. मग एकाने ‘तापला’ म्हटले आणि वर्ग हसला, आणि हसण्याने बांध फुटला. फुगला. घुम्या झाला. डोस्कं फिरलं. धुसफुसतोय. करवादला. बिनसलं. दात-ओठ खातोय. तोंड पाडलं. फळ्याची जागा संपत आली तसे शिक्षिकेने विचारले की, ‘फुगला’ आणि ‘घुम्या झाला’ यांत फरक काय. यावर बराच वेळ वाद झाला आणि निवाडा एका बारीक मुलाने दिला: ‘फुगलेला मानूस वाट बघतो, मॅडम, कुणी काढायला येतंय का म्हून. घुम्या वाट बघत नाही.’

हे वाक्य मी वहीत उतरवून घेतले. जे भेद मानसशास्त्राच्या पुस्तकांत परिभाषेच्या साहाय्याने मोठ्या कष्टाने मांडलेले असतात, ते या मुलाला घरच्या बोलीने केव्हाच देऊन ठेवले होते. त्याच्याजवळ नव्हती ती केवळ मोठ्या माणसांपुढे ते उच्चारण्याची मुभा. रुसणे, हिरमुसणे, कुढणे, खजील होणे, वरमणे, ओशाळणे, घालमेल, हुरहूर, तगमग: इतक्या बारीक सुतांची भाषा ज्या घरात वापरात आहे, त्या घरातील मुलाला ‘तुला आज कसे वाटते?’ असे भाषांतरित प्रश्न विचारले, तर तो ‘चांगले’ म्हणून मोकळा होईल, यात नवल नाही.

मधल्या सुट्टीत खिचडीच्या रांगेत दोन मुलांची जुंपली. कारण रांगेतली जागा. शिक्षक धावले नाहीत, लांबून पाहत राहिले. करंगळ्या पुढे आल्या, कट्टी झाली, दोघे विरुद्ध दिशांना तोंड करून जेवले; आणि शाळा सुटताना त्यांतल्या एकाची सायकलची चेन उतरली, तेव्हा दुसऱ्याने न बोलता ती बसवून दिली, तेलकट हात त्याच्याच शर्टाला पुसले, आणि बट्टी झाली असे दोघांनीही गृहीत धरले. कट्टी-बट्टीइतका सुटसुटीत तहनामा मी दुसरा पाहिलेला नाही. त्यात भांडण जाहीर करण्याची रीत आहे, अबोल्याची मर्यादा आहे आणि परतीची वाटही राखून ठेवलेली आहे. मोठेपणी आपण भाऊबंदकीच्या दाव्यात तीस-तीस वर्षे तारखा घेतो, त्यात यातले पहिलेच कलम तेवढे उरते.

सोसणे आणि सावरणे

‘जीवनकौशल्ये’ हा शब्द आता प्रत्येक प्रशिक्षणाच्या फलकावर दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात दहा कौशल्यांची जी यादी पुढे केली, त्यात स्वतःची ओळख, समानुभूती, निर्णय घेणे, ताण आणि भावना यांना तोंड देणे इत्यादी येतात. ती यादी मुळात आरोग्याच्या खात्यातून आली, ही गोष्ट सहसा विसरली जाते. आपल्याकडेही आरोग्य खात्याचे दार आहेच. २०१४ पासून दहा ते एकोणीस वयोगटासाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम चालतो आणि महाराष्ट्रातील सरकारी रुग्णालयांत त्याच्या सल्ला-केंद्रांना ‘मैत्री’ असे गोड नाव आहे. नाव गोड असले तरी ज्या दवाखान्याच्या ओसरीवर गावातले निम्मे ओळखीचे बसलेले असतात, त्या दारात सोळा वर्षांचा मुलगा ‘मला झोप येत नाही’ हे सांगावयास एकटा कसा शिरणार, याचे उत्तर पाटीवर लिहिलेले नसते.

मराठवाड्यापुरते बोलावयाचे तर या कामाची एक मोठी खटपट शेजारच्या बीड जिल्ह्यात झाली. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर समाजकार्यकर्ते शांतीलाल मुथा यांनी सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्यास नेली. त्या मुलांबरोबर काढलेल्या वर्षांतून त्यांच्या मनात जे प्रश्न उभे राहिले, त्यांतून पुढे ‘मूल्यवर्धन’ हा उपक्रम निघाला आणि २००९ मध्ये बीडमधील पाचशे प्राथमिक शाळांत सुरू झाला. मला त्यातली एकच युक्ती येथे नमूद करावीशी वाटते. शिक्षकाने प्रवचन द्यावयाचे नाही. मुलांनी जोडीजोडीने बोलावयाचे आणि आपल्या जोडीदाराने काय सांगितले, ते मग वर्गाला सांगावयाचे. दुसऱ्याचे म्हणणे त्याच्या वतीने मांडावयाचे म्हटले की, ते ऐकावेच लागते. ऐकून घेण्याचा संस्कार याहून स्वस्त उपायाने होईल, असे मला वाटत नाही.

आणि तरीही हे सारे नवे आहे असे म्हणण्यास जीभ रेटत नाही. आळंदीच्या झोपडीत ताटी लावून बसलेल्या ज्ञानदेवांना बाहेर आणण्यासाठी दाराशी उभी राहिलेली मुक्ताबाई वयाने या सातवीच्या मुलींएवढीच असावी. तिचे ताटीचे अभंग म्हणजे दुखावलेल्या थोरल्या भावाची समजूत घालण्याचा, त्याच्या रागाचा मान राखून त्याला त्यातून बाहेर बोलावण्याचा केवढा कुशल प्रयत्न आहे! याच जिल्ह्यातील गंगाखेडची जनाबाई तर प्रत्यक्ष विठ्ठलाशी भांडते, त्याला खडसावते, आणि पुन्हा त्याच्याच सोबतीने दळावयास बसते. अंमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात १९२४ नंतरच्या सहा वर्षांत साने गुरुजींनी मुलांची अंथरुणे आवरली, खोल्या झाडल्या. नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिलेल्या ‘श्यामची आई’ने पुढे मराठी मुलांच्या पिढ्या रडवल्या. त्यांच्यावर भाबडेपणाचा आरोप झाला. मला तो फारसा पटत नाही. मुलाने रडावे आणि त्याची लाज वाटू नये, एवढी सवलत त्या पुस्तकाने मराठी घरांत मिळवून दिली, हा हिशेब लहान नाही.

माझ्या स्वतःच्या शाळेत ती सवलत नव्हती. आमच्या वर्गातील एका मुलाचे वडील गेले. चौदाव्या दिवशी तो, डोके भादरलेला, पहिल्या बाकावर येऊन बसला आणि आमच्या गुरुजींनी तासभर त्याच्याकडे एकदाही न पाहता मौर्य साम्राज्याच्या ऱ्हासाची कारणे सांगितली. ते निष्ठुर नव्हते. बोलण्यासाठी शब्द नसले की सज्जन माणूसही पेडगावची वाट धरतो.

परंतु या विषयात मला एक धास्ती वाटते आणि ती लपवण्यात अर्थ नाही. सोसणे आणि सावरणे ही दोन क्रियापदे दिसावयास सख्खी भावंडे असली तरी त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ‘भावनांचे व्यवस्थापन’ शिकवता शिकवता आपण गरिबाच्या पोराला नुसते सोसणेच शिकवीत नाही ना? रान करपले, सावकाराचा माणूस दारात आला, अशा घरातील मुलाला दीर्घ श्वास घेण्याचा सल्ला देणे उपयोगी पडेल; पण तेवढाच सल्ला देणे हे लबाडीचे. शासनाने २०१५ मध्ये आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ काढला. त्यात आशा कार्यकर्ती घरोघर जाऊन ठरावीक प्रश्न विचारते आणि खचलेला माणूस हुडकून त्याला उपचारापर्यंत पोचवते. परभणी त्या चौदांत आहे. ही योजना शेतकऱ्यासाठी. पण आशाताई उंबऱ्यावर प्रश्न विचारीत असताना खांबाआड उभे राहून उत्तरे ऐकणारे जे पोर असते, त्याच्यासाठी तिच्या कागदात रकाना नाही.

सोळाशे मीटर

पहाटे पाचला स्टेशनकडच्या रस्त्यावर बुटांचा आवाज येतो. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले. मैदानी चाचणीचे ५० गुण, लेखी परीक्षेचे १००. मैदानीत सोळाशे मीटर, शंभर मीटर आणि गोळा. मुलींना सोळाशेच्या जागी आठशे. आकडे सर्वांना तोंडपाठ. त्यांतला एक तेवीस वर्षांचा मुलगा दोन भरत्यांत थोडक्यासाठी राहिला होता. ‘घरी काय म्हणाले?’ असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘काईच नाही म्हणले. तेच लई वाईट.’

या मुलांना सकाळी पळवणारा एक माजी सैनिक आहे. त्याचा एक नियम मला लक्षणीय वाटला. निकाल लागला की, जो राहिला त्याने दुसऱ्या दिवशी पहाटे यावयाचेच. पळावयाचे नाही, फक्त घड्याळ धरून इतरांच्या वेळा नोंदवावयाच्या. ‘घरी बसला की संपला,’ तो म्हणाला. त्याने समुपदेशन हा शब्द उच्चारला नाही, मीही उच्चारला नाही. हरलेल्या मुलाच्या हाती तत्काळ काहीतरी जबाबदारीचे द्यावे आणि त्याला माणसांत ठेवावे, हे त्याला पलटणीने शिकवले असणार. आपल्याकडे मुलगा नापास झाला की घरचे त्याला नातेवाइकांच्या लग्नालादेखील नेत नाहीत.

टॉवेल बांधलेली मुलगी

दुसऱ्या शनिवारी शाळा सुटल्यावर नववीच्या मुलींची बैठक होती. तिच्यात बसण्याची परवानगी मला जरा उशिराच मिळाली, तीही ‘मागं बसा, लिहू नका’ या अटीवर. म्हणून पुढचे स्मरणातून.

येथे एक आकडा सांगणे भाग आहे. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी अठरा पूर्ण होण्याआधीच लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के, तर परभणी जिल्ह्यात ४८ टक्के आढळले. जवळजवळ निम्म्या. कायदा २००६ चा आहे, गावातला ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतो, आणि १०९८ हा क्रमांक त्या वर्गाच्या भिंतीवरही रंगवलेला होता. परंतु तो क्रमांक फिरवणे म्हणजे स्वतःच्या बापाविरुद्ध फिर्याद देणे, आणि त्याच बापाच्या घरी रात्री जेवावयास बसावयाचे असते. त्या फोनच्या अलीकडे काही करता येते का, एवढीच या बैठकीची खटपट.

बाईंजवळ एक पुस्तिका होती. तीत ‘ठाम नकार’ असा पाठ: समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून, स्पष्ट आवाजात, ‘नाही’ म्हणावे. बाईंनी तो वाचून दाखवला आणि पुस्तिका मिटली. ‘आपल्यात बापाच्या डोळ्यांत डोळे घातले की पुढचं बोलणंच होत नाही. तेव्हा आपण आपलं करून बघू.’ मग एकीने बाप व्हावयाचे, एकीने मुलगी. बाप होण्यासाठी चार हात वर झाले. मुलगी व्हावयास कोणी तयार होईना.

बाप झालेल्या मुलीने बाईंचा टॉवेल डोक्याला गुंडाळला, मांडी घातली, आणि आवाज घोगरा करून सुरुवात केली. ‘चांगलं स्थळ हाय. पोरगा पुण्याला कंपनीत हाय. हुंडा मागंना. हे गेलं तर दुसरं तू आणून देणार हायेस का?’ समोरची म्हणाली, ‘अण्णा, मला शिकायचंय.’ ‘शिकून कोन कलेक्टर झालंय? आन् शाळेच्या वाटंवर काय काय चालतं ते मला कळत नाही व्हय? उद्या काही झालं तर तोंड कुणाला दाखवू?’

मुलगी गप्प झाली. मुलींच्या हसण्याचा आवाजही थांबला. बापाची एकेक कैफियत ही चौदा वर्षांची मुलगी अस्खलित म्हणत होती, कारण ती तिने ऐकलेली होती, कदाचित थोरल्या बहिणीच्या वेळी. आणि त्या कैफियतीत लोभापेक्षा भीतीच अधिक होती, हे माझ्यासारख्या परक्यालाही कळत होते.

तेवढ्यात भिंतीजवळून एक आवाज आला. ‘अगं, अण्णाला नको सांगू. आत्याला सांग. अण्णा आत्याचं ऐकतेत.’

यावर चर्चेला एकदम जोर चढला. कोणाच्या घरी आत्याचे चालते, कोणाच्या घरी मामाचे, एकीच्या घरी तर दुधाच्या डेअरीवरच्या चुलत्याचे. आत्याला गाठावयाचे कधी? रात्री जेवणे झाल्यावर नको, तेव्हा ती थकलेली असते. राखीला येते तेव्हा. बोलावयाचे काय? ‘लग्न नको’ म्हणावयाचे नाही, ‘बारावीपर्यंत थांबा’ म्हणावयाचे. आणि आत्याचे स्वतःचे लग्न कोणत्या वयात झाले, हे तिलाच विचारावयाचे. घरातील सत्ता कोठून कोठे वाहते, याचा तो नकाशा पाहून एखाद्या मुरलेल्या दिवाणाने तोंडात बोट घातले असते. पुस्तिकेतील पाठ एका माणसाने दुसऱ्या एका माणसाला ‘नाही’ म्हणण्याचा होता. या मुलींच्या घरी नकार एकटीने द्यावयाचा नसतो, माणसे जमवून द्यावयाचा असतो, हे त्यांनी अर्ध्या तासात दुरुस्त करून टाकले.

उन्हे कलली तशा बाईंनी बैठक आवरती घेतली. टॉवेल बांधलेली मुलगी तो सोडून घडी घालीत म्हणाली, ‘मॅडम, मी बाप लई कडक केला का?’

‘नाही गं. होता तसाच केलास.’

‘नाही, एक ऱ्हायलं. आमचे अण्णा असं बोलताना टोपी काढून गुडघ्यावर ठेवतेत.’

‘नेहमी?’

मुलीने घडी केलेला टॉवेल बाईंच्या हातात दिला आणि थोडा विचार केला.

‘नाही. त्यायलाच पटत नसलं की.’